ठराव आणि तरतूद

महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी एक ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले आहेत, असा त्याचा आशय होता. त्या ठरावास आधार होता तो मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी आणलेल्या आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झालेल्या ठरावाचा. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या वा सांभाळल्या जाणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा सर्वांस मोकळ्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. चवदार तळे नगरपालिकेचे, त्याची देखरेख सार्वजनिक पैशांची, म्हणून त्यावरील हक्कही सार्वजनिक, इतका तो विचार सरळ होता. असे असूनही १९२४ साली कोणी तळ्यावर गेले नाही, १९२५ साली गेले नाही, १९२६ सालीही गेले नाही. नगरपालिकेने ठराव केला आणि तो इतिवृत्तात ठेवून दिला. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, पाण्याची ओंजळ उचलली, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. आणि लगोलग ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे दहा वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला.

हा इतिहास आमच्या घराघरांत सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्यातील एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. ज्या संस्थेने ठराव केला, मोडला आणि तळ्याच्या काठी माणसांना उभे राहू दिले नाही, ती कोणी राजा नव्हती, सरकारही नव्हती. ती नगरपालिका होती. घरपट्टी घेणारी, दिवाबत्ती करणारी, गटार काढणारी एक स्थानिक संस्था. आजही आपल्या नळाचे पाणी, आपल्या मुलीची शाळा, आपल्या गल्लीतील दिवा, आपल्या बायकांचे शौचालय ह्या सर्वांचा निर्णय तीच संस्था करीत असते, आणि तो निर्णय ती ठरावाने करीत नाही. अंदाजपत्रकाने करते. ज्या ठरावापुढे रकमेचा आकडा नाही, तो ठराव १९२४ च्या महाडच्या ठरावासारखाच समजावा.

धम्मदीक्षा घेऊन ज्यांस अद्याप दोन-चार वर्षेच झाली आहेत अशा कुटुंबांसाठी हे मुद्दाम लिहीत आहोत. आपण देव्हारे काढले, नवस सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. कोणाच्या कृपेची वाट पाहावयाची नाही, हा त्या प्रतिज्ञांमागचा बाणा आहे. मग महापालिकेच्या दारात उभे राहिल्यावर आपल्या तोंडून ‘साहेब, एवढी मेहरबानी करा’ हे शब्द कसे निघतात? जेथे पैसा आपलाही आहे तेथे मेहरबानीचा प्रश्न येतोच कोठे?

आमच्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांचा आणि सरकारी खजिन्याचा संबंध फार जुना आहे, हे येथे आठवते. सारा भरण्यासाठी कुळांना चावडीवर बोलावून आणावे महाराने, आणि जमलेली रक्कम तालुक्याच्या खजिन्यापर्यंत वाहून न्यावी तीही महाराने. खजिना डोक्यावर, आणि तो कोठे खर्च व्हावा हे विचारण्याचा अधिकार मात्र सात पिढ्यांत नाही. १ ऑगस्ट १९५९ पासून ते वतन कायद्याने संपले. वतन गेले तरी ‘पैशाचे ते बघतील, आपण काम मागू’ ही वतनी वृत्ती मात्र अजून गेलेली नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, तुम्ही कर भरता कोठे? झोपडीत राहता, चाळीत भाड्याने राहता, घरपट्टी भरतो तो मालक. हा आक्षेप शिकल्यासवरलेल्या मंडळींकडूनही ऐकू येतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. १९४९ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे जेथे भाड्यावर आकारणी होते तेथे वर्षाचे भाडे धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. सर्वसाधारण कर त्याच्या निदान १२ टक्के असतो. समजा, एका खोलीचे भाडे महिना १,००० रुपये आहे. वर्षाचे झाले १२,०००. दहा टक्के गेले, उरले १०,८००. त्याचे बारा टक्के म्हणजे १,२९६ रुपये. पाणीपट्टी, सफाई कर हे आणखी निराळेच. बिल मालकाच्या नावे येते, हे खरे. पण मालक ते आपल्या खिशातून भरतो असे मानणारा मनुष्य कधी भाड्याच्या खोलीत राहिलेला नसावा. शिवाय, कित्येक दशके ह्या शहरांचे मोठे उत्पन्न जकातीचे होते. ज्वारीच्या पोत्यावर, रॉकेलवर, कापडावर नाक्यावर जी जकात लागे ती शेवटी ज्याने भाकर खाल्ली आणि दिवा लावला त्यानेच भरली. राज्यातील अन्य शहरांची जकात आधीच गेली होती; १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही गेली, आणि तिच्या बदली शासन महापालिकांस भरपाई देते. तो वस्तू व सेवा करही आपण साबणाच्या वडीपासून वहीपर्यंत भरीतच असतो. तेव्हा कर न भरणारा मनुष्य ह्या देशात कोणी असेल तर तो झोपडीत शोधू नये.

‘जो पट्टी भरतो त्यालाच मत’ हा नियमही एके काळी प्रत्यक्ष होता. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेत निवडणूक सुरू झाली ती वर्षास ५० रुपये वा अधिक पट्टी भरणाऱ्यांपुरती. सर्व प्रौढांस मत मिळून मुंबईची निवडणूक होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. मताचा तो अडसर गेला. अंदाजपत्रकाच्या दाराशी मात्र जुन्या काळची सावली अजून उभी आहे. फरक इतकाच की आता ते दार आपणच ठोठावीत नाही.

हे अंदाजपत्रक तयार होते कसे? आयुक्त पुढील वर्षाच्या जमेचा आणि खर्चाचा अंदाज करून स्थायी समितीपुढे ठेवतात. स्थायी समिती त्यात फेरफार करते, करांचे दर सुचवते, आणि मग सर्व सभासदांची सर्वसाधारण सभा त्यावर निर्णय घेते. १९४९ च्या कायद्याखालील महापालिकांत पुढील वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, आणि १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष उजाडते. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, मुंबईचा १८८८ चा. तपशील निरनिराळे, क्रम साधारण हाच. म्हणजे एकंदर खटाटोप माघ-फाल्गुनात आटोपतो. आणि आमच्या वस्त्यांना जाग येते चैत्रात, जयंतीच्या तयारीला! १४ एप्रिलला नगरसेवक मंडपात येऊन ‘तुमचे काम नक्की करू’ म्हणतात तेव्हा त्या वर्षाच्या रकमा छापून होऊन गेलेल्या असतात. आपण टाळ्या वाजवितो.

ह्या व्यवहारातील एक खोच नीट समजून घेण्यासारखी आहे. महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते. तेव्हा सर्वांना खूश ठेवावयाचे असेल तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जमेचा आकडा फुगविणे. पुष्कळ महापालिकांत आयुक्तांच्या अंदाजापेक्षा स्थायी समितीचा अंदाज मोठा असतो, त्याचे रहस्य हे. प्रत्येक प्रभागाला, प्रत्येक सभासदाला कागदावर काही ना काही दिले जाते. वर्ष सरत जाते, अपेक्षिलेले उत्पन्न येत नाही, आणि मग कामे गाळण्याची वेळ येते. कोणाची कामे गळतात? ज्यांच्यासाठी कोणी खेटे घालीत नाही त्यांची. ह्याखेरीज ‘वर्गीकरण’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. एका कामासाठी ठेवलेली रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळविणे, ह्याला पालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात. नियमाने ते चालते, सभेपुढे विषय येतो, मंजूर होतो. मार्च महिन्यात आपल्या वस्तीच्या मलनिःसारण वाहिनीसाठी छापलेली रक्कम अशा रीतीने दिवाळीपर्यंत एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणात विरघळून गेलेली असते, आणि वस्तीला त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती घ्याल तेव्हा केवळ पुढच्या वर्षीच्या रकमेचा रकाना वाचू नका. शेजारी आणखी रकाने असतात: मागील वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, चालू वर्षाचा मूळ अंदाज काय होता, सुधारित अंदाज काय झाला. हे शेजारी शेजारी ठेवून पाहावे. ज्या शीर्षाखाली दर वर्षी रक्कम मोठी आणि प्रत्यक्ष खर्च लहान, तेथे आपल्याला नुसते कबूल केलेले आहे, दिलेले नाही. आमच्या मते हा एक रकाना वाचावयास शिकलेला दहावीचा मुलगा वस्तीच्या दहा निवेदनांहून अधिक उपयोगी आहे.

मुंबईचे उदाहरण घ्या. तेथील महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूक झाली नाही. त्या मधल्या काळात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षे प्रशासकाने अंदाजपत्रक मांडले आणि प्रशासकानेच ते मंजूर केले. मागणारा तोच, देणारा तोच! राज्यातील इतर अनेक शहरांतही कमीअधिक असेच झाले. सभागृह वाईट असेल, भांडखोर असेल, पण तेथे निदान एखादा सभासद उठून ‘माझ्या प्रभागाचे काय?’ असे विचारू शकतो. अर्थसत्ता लोकप्रतिनिधींच्या हाती असली पाहिजे, हा प्रश्न बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेत हाताळलेला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच मुळी हा आहे की, महसूल कोणाकडे जमतो, खर्चाचा अधिकार कोणाकडे असतो, आणि ह्या दोहोंची फारकत झाली म्हणजे काय होते. आम्ही बाबासाहेबांच्या ग्रंथांना वंदन करतो; हा ग्रंथ मात्र कपाटातून क्वचितच खाली उतरतो.

त्याच २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात झोपडपट्टीतील दुकाने, कारखाने, गोदामे अशा व्यावसायिक गाळ्यांवर मालमत्ता कर बसविण्याची सूचना होती. असे सुमारे ५० हजार गाळे असतील आणि त्यांतून ३५० कोटी रुपये मिळतील, असा प्रशासनाचा अंदाज होता. ह्यावर आमच्यातील काहींनी ‘गरिबांवर कर!’ अशी ओरड केली. आम्हांला ती ओरड अपुरी वाटते. ज्याची मिळकत आहे त्याने कर द्यावा, ह्यात अन्याय नाही. अन्याय आहे तो पुढल्या गोष्टीत. कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही, असे कायदा सांगतो. म्हणजे पैसे भरावयाचे आणि बुलडोझरची भीतीही बाळगावयाची. आणि ज्या गल्लीतून ही रक्कम जमा होईल त्या गल्लीत नळ, गटार, दिवा ह्यांवर तिच्यातील किती परत येणार, ह्याविषयी मात्र आकडा नाही. जमेच्या बाजूला झोपडपट्टी दिसू लागली, तर खर्चाच्या बाजूलाही ती तितक्याच स्पष्ट अक्षरांत दिसली पाहिजे, ही आमची मागणी असावी.

पाण्याविषयी तर आणखी बोलता येईल. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. चवदार तळ्याच्या निकालानंतर ७७ वर्षांनी हे पुन्हा सांगावे लागले! निकाल झाला, धोरणेही आली. पण जलवाहिनी धोरणाने टाकली जात नाही. तिला लेखाशीर्ष लागते, निविदा लागते, आणि त्या शीर्षातील रक्कम वर्षअखेर खर्ची पडलेली असावी लागते.

खर्चाचा प्राधान्यक्रम कोणी विचारावा आणि कसा, ह्याचा धडा जोतीराव फुल्यांनी आपल्याला फार पूर्वी घालून दिला आहे. १८७६ नंतर ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याची सूचना सभेपुढे आली, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा असे जोतीरावांनी म्हटले. बत्तीस सभासदांत विरोधी मत एकट्याचे पडले. ठराव मंजूर झाला, जोतीराव हरले. तरीही आज त्या सभेतील उरलेल्या एकतिसांची नावे कोणाच्या मुखी नाहीत.

आता थोडे कटू बोलतो, कारण ते आमच्याच घरचे आहे. आमच्या वस्त्यांतून नगरसेवकांकडे जे अर्ज जातात ते एकदा वाचून पाहावेत. कमान पाहिजे. पुतळ्याभोवती रंगीत कारंजे पाहिजे. समाजमंदिराला फरशी पाहिजे. चौकाला नाव पाहिजे. ह्यांतील एकही गोष्ट वाईट नाही. आम्हीही अशा अर्जांवर सह्या केलेल्या आहेत. परंतु देणाऱ्याच्या दृष्टीने ह्या गोष्टी फार स्वस्त असतात. सभासदाच्या निधीतून दोन-चार लाखांची कमान उभी राहते, उद्‍घाटनाला छायाचित्र निघते, आणि त्या कमानीखालून वाहणाऱ्या उघड्या गटाराचा प्रश्न पाच वर्षे पुढे ढकलला जातो. दुसरी गोष्ट राखीव निधीची. दुर्बल घटकांसाठी, दलित वस्ती सुधारणेसाठी रकमा निराळ्या राखून ठेवतात. त्या मिळविल्याच पाहिजेत, आणि बौद्धांस त्या मागताना आता संकोच वाटण्याचेही कारण नाही, कारण १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा हक्क अबाधित राहिला आहे. पण कचेरीत काय होते? सर्वसाधारण निधीतून रस्ता मागावयास गेले की कारकून म्हणतो, ‘तुमचा निधी वेगळा आहे, तिकडे मागा.’ म्हणजे शहराचा सर्व खजिना इतरांचा, आणि आपल्यासाठी वेशीबाहेर एक निराळे मडके! पाणवठा वेगळा करण्याची ही नवी रीत आहे. राखीव रक्कम ही भर आहे. उरलेल्या रकमेवरील आपला हक्क तिने विकत घेतलेला नाही, हे त्या कारकुनाला तेथल्या तेथे सांगावयास हवे.

सफाईखात्याचे शीर्ष तर आमच्या रक्तानेच लिहिले गेले आहे. मैला माणसाच्या हाताने साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. भुयारी गटारात उतरून मेलेल्याच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. न्यायालयाने मृत्यूची किंमत वाढविली ती मृत्यू परवडू नये म्हणून. आपल्या शहराच्या अंदाजपत्रकात गटार साफ करणाऱ्या यंत्रांसाठी किती रक्कम आहे, गेल्या वर्षी तिच्यातील किती खर्च झाली, आणि सफाईचे काम कायम कामगारांकडून काढून कंत्राटदाराकडे देण्यासाठी किती ठेवली आहे, हे तीन आकडे काढावेत. पालिकेच्या मनात काय आहे ते कळण्यास भाषणे ऐकण्याची गरज पडणार नाही.

दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. विहारात त्याचे वाचन फारसे होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण त्यात भगवंतांनी थेट कराचा आणि खर्चाचा प्रश्न सांगितला आहे. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. राज्यात लूटमार माजलेली. त्याच्या पुरोहिताने सल्ला दिला तो असा की, अशा वेळी प्रजेवर नवा कर बसविणे हे राजाचे काम नव्हे. चोरांना मारून आणि हद्दपार करूनही हा उपद्रव संपणार नाही. शेती करणाराला बियाणे व चारा द्यावा, व्यापार करणाराला भांडवल द्यावे, नोकराला वेतन द्यावे. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, उपद्रव मिटला, राजाचा कोश वाढला आणि माणसे घरांची दारे उघडी टाकून राहू लागली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ह्या कथेत कर कधी घ्यावा आणि आधी खर्च कोठे करावा ह्यांचा जो क्रम लावला आहे, तो आमच्या स्थायी समित्यांपुढे कोणी तरी वाचून दाखविला पाहिजे. आणि तो बौद्धांनी नाही वाचला तर दुसरे कोण वाचणार?

करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून आपल्या भागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी मागविण्याचा प्रघात पाडला आहे. तेथील बौद्ध वस्त्यांनी त्या अर्जांची मुदत चुकवू नये. इतर शहरांत अशी सोय नसेल तर वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहारात माणसे जमतात तेव्हाच, वस्तीतील कामांची यादी करावी आणि कार्तिक महिन्यापूर्वी ती आयुक्तांना लेखी द्यावी, पोच घ्यावी. स्त्रियांनी ही यादी करावी, असे आमचे मत आहे. पाण्याची वेळ आणि शौचालयाचे दार ह्यांविषयी पुरुषांना फार थोडे ठाऊक असते. चालू वर्षाच्या पुस्तकाची प्रत पालिकेत मिळते. न दिल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करावा, आणि त्यात आपल्या प्रभागाचे मूळ अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च व वर्षात झालेली वर्गीकरणे एवढेच मागावे. उत्तर आले म्हणजे ते विहाराच्या भिंतीवर, वंदनेला बसणाऱ्यांस वाचता येईल अशा उंचीवर, चिकटवावे.